इंटरडिसिप्लिनरी डिझाइन डिग्री: पास आउट झाल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. स्टुडिओ, म्हणजे प्रोजेक्ट हातानं करून शिकायचे तास, एक नंबर, बाहेरच्या डिपार्टमेंटचे निम्मे विषय वाया, आणि बाकी सगळा खेळ एकाच गोष्टीवर आहे, की हे वेगवेगळे विषय कुठल्या तरी प्रोजेक्टवर खरंच एकत्र येतात की नुसते टाइमटेबलमध्ये शेजारी शेजारी बसतात. कॉलेजचं नाव देत नाही कारण मुद्दा एका कॉलेजचा नाहीच, हा जो कोर्सचा प्रकार आहे त्याचा आहे, दुसरीकडे असंच शिकलेल्या लोकांशी बोलले तर कौतुक आणि रडगाणं दोन्ही बरंचसं सारखंच निघालं.

माहितीपत्रकावर जाऊ नका. सगळ्यांच्या माहितीपत्रकात तेच असतं, डिझाइन, तंत्रज्ञान, समाज आणि व्यवसाय यांचा संगम, सोबत रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेली भिंत आणि तिच्यासमोर हसणारी चार मुलं. त्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय हे फोटोत कधीच वाचता येत नाही, आणि वाचता आलं तरी फारसा फरक पडणार नाही ही गोष्ट वेगळी.

तर हातात नक्की काय मिळतं? बहुतेक ठिकाणी चार वर्षं, काही ठिकाणी तीन. पहिलं वर्ष फाउंडेशनचं. ड्रॉइंग, रंग, फॉर्म म्हणजे आकार, टायपोग्राफी म्हणजे अक्षरांची मांडणी, कागद-माती-तार-लाकूड यांच्याशी झटापट. ही पद्धत जुनी आहे, १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस नावाचं डिझाइन स्कूल सुरू झालं तेव्हा योहानेस इटननी नवीन मुलांसाठी जो प्राथमिक कोर्स काढला त्याचीच ही नातवंडं पतवंडं. पुढे योझेफ अल्बर्स तोच कोर्स शिकवायला लागले, ते मुलांच्या हातात साधा कागद द्यायचे आणि कचरा कमीत कमी होईल असं बघून यातून काय उभं राहतं ते करा म्हणायचे. आम्हालाही कागद दिला. सायन्सकडून आलेल्या मुलांची इथे फार चिडचिड होते, हे काय बालवाडीसारखं, आम्ही प्रॉब्लेम सोडवायला आलोय वगैरे. माझं मत विचाराल तर फाउंडेशनला नावं ठेवायला जागा नाही. एक घडी घातली की लुळा कागद वजन कसा घेतो हे बोटांना कळलेलं असेल तर पुढे स्ट्रक्चरचं लेक्चर झोप न लागता ऐकता येतं. फक्त एकच, हे पूर्ण वर्षभर चालतं आणि तोवर 'इंटरडिसिप्लिनरी' या शब्दातलं काहीही दिसत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

दुसऱ्या वर्षापासून खरी गंमत सुरू होते आणि बोंबही तिथूनच. आता तुम्ही सायकॉलॉजीच्या वर्गात बसता, मानववंशशास्त्राच्या वर्गात बसता, स्टॅटिस्टिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, मटेरियल्स, इकॉनॉमिक्स. प्रत्येकाचा 'ओळख' नावाचा पहिला पेपर. सायकॉलॉजीचा पहिला पेपर, इकॉनॉमिक्सचा पहिला पेपर, सगळ्याचा पहिलाच पेपर, आणि दुसरा घ्यायला गेलात की कळतं त्याच्याआधी त्यांच्या डिपार्टमेंटचे अजून दोन पेपर झालेले पाहिजेत, त्यातल्या एकाला कॅल्क्युलस लागतं, ते तुमच्या कोर्समध्ये नाही. झालं. एक ना धड भाराभर चिंध्या. त्यात तिकडचे शिक्षक त्यांच्या मुलांसाठी शिकवत असतात, तुम्ही मागच्या बाकावरचे पाहुणे. स्मरणशक्तीवर पूर्ण महिना लेक्चर झाले, परीक्षेत कुठला सिद्धांत कुणाचा ते विचारलं, मार्कही बरे पडले, आणि त्याच महिन्यात आमचा स्टुडिओ प्रोजेक्ट एका तिकीट मशीनच्या स्क्रीनवर चालला होता, ज्यात माणसाला एका स्क्रीनवरचा आकडा पुढच्या स्क्रीनपर्यंत लक्षात ठेवायला लागत होता. दोन्ही शिक्षकांना एकमेकांचं काय चाललंय याचा पत्ता नाही. आता हे जोडायचं कुणी, तर विद्यार्थ्यानं. मग तुम्ही कशाचे पैसे घेताय?

पण जिथे जमतं तिथे असं जमतं की बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर असं मिळालं जिथे ब्रीफ, म्हणजे करायचं काम, एकच होता, बसायची जागा डिझाइन करा, आणि शिकवायला स्टुडिओचे सर आणि स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम दोघं एकाच वर्गात उभे. मॅडमनी पहिल्याच दिवशी अमेरिकन हवाई दलाचा किस्सा सांगितला. कॉकपिट जुन्या सरासरी मापांवर बनवलेले होते आणि वैमानिकांना ते नीट बसत नव्हते म्हणून १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा तरुण संशोधक होता, त्यानं त्यातली दहा मापं घेतली, उंची, छाती, हाताची लांबी वगैरे, आणि प्रत्येक मापात मधल्या तीस टक्क्यांत येणारा तो सरासरी असं सैलसर धरून मोजलं की दहाच्या दहा मापांत सरासरी असलेले किती. उत्तर शून्य. एकही नाही! म्हणजे सरासरी माणसासाठी बनवलेली सीट कुणासाठीच बनलेली नव्हती. मग उपाय काय, तर सीट पुढेमागे होणारी, पट्टे कमीजास्त होणारे, पेडल हलणारे.

हे नुसतं लेक्चर म्हणून ऐकलं असतं तर भारी किस्सा म्हणून विसरूनही गेलो असतो. पण त्याच आठवड्यात आम्ही वर्गातल्याच मुलांची मापं घेऊन टेबल भरत होतो, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत किती, बसल्यावर कोपर किती उंचीवर, आणि दुसऱ्या बाजूला वर्कशॉपमध्ये सीट वरखाली करायचा खटका बनवत होतो, आणि तिथे कळलं की पाचव्या पर्सेंटाइलच्या बाईपासून (म्हणजे शंभरात फक्त पाच बायका जिच्यापेक्षा लहान मापाच्या) पंचाण्णवाव्या पर्सेंटाइलच्या पुरुषापर्यंत सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हटलं की खटक्याचा प्रवास एवढा लांब होतो की पाइपच वाकायला लागतो. मग कुणाला सोडायचं? हा प्रश्न स्टॅटिस्टिक्सचाही आहे, मटेरियलचाही आहे, आणि खरं तर नीतिशास्त्राचाही आहे, आणि तो आमच्यासमोर एका वाकलेल्या पाइपच्या रूपात पडला होता. याला मी इंटरडिसिप्लिनरी म्हणेन. दोघं शिक्षक आमच्यासमोर भांडले पण, मॅडमचं म्हणणं टोकाची माणसं सोडली तर तुम्ही आधीच ठरवून टाकताय कुणी उभं राहायचं, सरांचं म्हणणं हे सगळं केलं तर खुर्ची उचलणार कोण. मुलांनी पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवून ऐकलं असेल.

असंच एक लेक्चर थ्री माइल आयलंडवरचं. २८ मार्च १९७९, पेनसिल्व्हेनियातलं अणुवीज केंद्र. एक व्हॉल्व्ह उघडला तो नंतर बंद व्हायला हवा होता, झाला नाही. कंट्रोल रूममध्ये त्या व्हॉल्व्हसाठी एक लाइट होता, तो विझला, ऑपरेटरांना वाटलं बंद झाला. प्रत्यक्षात तो लाइट एवढंच सांगत होता की उघडं ठेवणारा विजेचा सिग्नल थांबलाय, व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही हे तो सांगतच नव्हता. तिकडे थंड ठेवणारं पाणी निघून चाललंय, इकडे शंभराहून जास्त अलार्म एकदम, आणि शेवटी रिअॅक्टरचा गाभा अर्धवट वितळला. आता सांगा चूक कुणाची? वायरिंगवाल्यानं वायरिंग बरोबर केलं. पॅनेल बनवणाऱ्यानं दिलेला लाइट दिलेल्या जागी लावला. ऑपरेटरनं जे दिसलं त्याचा जो कुणीही लावेल तोच अर्थ लावला. विझलेल्या लाइटचा अर्थ काय घेतला जाईल हा प्रश्न कुणाच्याच टेबलवर नव्हता. अशी डिग्री असावी का असं मला कुणी विचारलं तर मी हाच किस्सा सांगते, कारण इंजिनीअरिंगची भाषा अर्धी तरी समजणारा आणि माणसाचं डोकं गडबडीत कसं चालतं हे शिकलेला एक माणूस त्या मीटिंगमध्ये हवा होता.

ब्रेक घेऊन ज्युरीबद्दल बोलू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दर प्रोजेक्टच्या शेवटी तुमचं काम भिंतीवर लावायचं, मॉडेल टेबलवर ठेवायचं, आणि तीन-चार लोक त्यावर बोलणार. सगळ्यांसमोर. ही या डिग्रीची सगळ्यात महाग आणि सगळ्यात चांगली गोष्ट आहे. तुम्ही म्हणता हे बटण इथे ठेवलं, ते म्हणतात का, तुम्ही म्हणता छान दिसतं, ते म्हणतात बरं, आणि पुढच्या भिंतीकडे वळतात. पुढच्या वेळी तुम्ही फिट्सचा नियम घेऊन येता, १९५४ चा, की एखाद्या गोष्टीपर्यंत हात किंवा कर्सर न्यायला लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो, म्हणून माउसवर स्क्रीनच्या अगदी कडेला चिकटलेलं बटण पटकन सापडतं कारण कर्सर कडेच्या पुढे जातच नाही. आता ज्युरी थांबते आणि तुमच्याशी वाद घालते. कारण देऊन बोलायची ही सवय आयुष्यभर पुरते. आमच्याकडे बाहेरून प्लास्टिक मोल्डिंगमधला एक माणूस ज्युरीला यायचा, तो रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं वस्तूचं चित्र, बघायचाच नाही, मॉडेल उचलायचा, मॉडेलच्या भिंतीवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचा, ड्राफ्ट कुठाय? म्हणजे साच्यातून वस्तू बाहेर यायला भिंतीला अंशभर तरी उतार लागतो, साधारण एक-दोन अंश, आणि आमच्या सगळ्यांच्या डब्यांच्या भिंती कॉम्प्युटरवर काढल्यासारख्या सरळसोट. त्या एका प्रश्नानं पूर्ण बॅच मॅन्युफॅक्चरिंगचं पुस्तक उघडून बसली, जे आख्ख्या सेमिस्टरच्या लेक्चरनी झालं नव्हतं.

वाईट बाजू पण लिहायला हवी. ज्युरीच्या आधी रात्र रात्र जागणं हे काही ठिकाणी पराक्रम म्हणून मिरवलं जातं, शिक्षकही हसून आमच्या वेळी तर वगैरे सुरू करतात. अपमान करणं म्हणजेच क्रिटिक असं समजणारे एक-दोन महाभाग प्रत्येक कॉलेजात असतात. आणि मार्क! एकाच कामाला एक जण डोक्यावर घेणार, दुसरा नापास करायला निघणार. निकष आधी लेखी दिलेत का हे अॅडमिशन घेताना नक्की विचारा, आमच्याकडे ते तिसऱ्या वर्षी आले, तेही मुलांनी गोंधळ घातल्यावर.

मग वादांचा मामला. डिझाइन हे कलेचं पोर की विज्ञानाचं, हे भांडण आपल्या कॉलेजात सुरू झालं असं प्रत्येक बॅचला वाटतं पण त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. जर्मनीत उल्मला १९५३ मध्ये एक डिझाइन स्कूल सुरू झालं, इंगे शोल, ओटल आयशर आणि माक्स बिल यांचं, तिथे अर्गोनॉमिक्स (माणसाच्या शरीराला वस्तू कशी जुळते ते), समाजशास्त्र, सेमिऑटिक्स (चिन्हं आणि त्यांचे अर्थ), गणित सगळं अभ्यासक्रमात आणलं, होर्स्ट रिटेलसारखा गणिताकडचा माणूस मुलांना शिकवायला ठेवला. कलाकार विरुद्ध शास्त्रवाले अशी जुंपली की पहिले प्रमुख माक्स बिल स्वतःच १९५७ मध्ये बाहेर पडले, आणि १९६८ मध्ये पैसा आणि राजकारण दोन्हीच्या कचाट्यात शाळाच बंद झाली. पंधरा वर्षं फक्त! पण आज जिथे जिथे डिझाइनच्या मुलांना इतर शास्त्रं शिकवतात तिथे उल्मचं काही ना काही ऋण आहेच.

हाच रिटेल पुढे अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात गेला आणि १९७३ मध्ये मेल्विन वेबरबरोबर त्यानं 'विकेड प्रॉब्लेम'वाला तो प्रसिद्ध पेपर लिहिला, की शहर नियोजन, गरिबी असले प्रश्न गणितासारखे सुटत नाहीत, त्यांची व्याख्याच पक्की नसते, संपलं असं म्हणायची जागा नसते, आणि केलेला प्रत्येक प्रयोग खऱ्या माणसांवर होतो म्हणून तो मागे घेता येत नाही. पेपर अप्रतिम आहे. पण आमच्याकडे तो पहिल्या वर्षी वाचायला दिला. ज्या मुलांनी अजून एक धड डबा बनवलेला नाही त्यांना जगातले न सुटणारे प्रश्न! परिणाम असा की पुढची तीन वर्षं ज्याचं काम झालेलं नसायचं तो ज्युरीत गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, सर, ही मुळात विकेड प्रॉब्लेम आहे. शेवटी एका मॅडमनी सांगितलं, तुझा प्रश्न विकेड नाही, तू काल सुरुवात केलीयस.

त्या चिठ्ठ्यांबद्दल. डिझाइन थिंकिंगचे वर्कशॉप होतात, ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलनं लोकप्रिय केलेली ती दोन हिऱ्यांची आकृती सगळीकडे चिकटवलेली असते, आधी कल्पना पसरा मग आवळा, परत पसरा परत आवळा. चित्र म्हणून वाईट नाही. पण मुलं ती पूजेच्या विधीसारखी पार पाडतात, तीन मैत्रिणींशी बोललो, एम्पथी मॅप, म्हणजे समोरच्याला काय वाटतं त्याचा तक्ता, भरला, इनसाइट मिळाला, पुढचा हिरा. खरं फील्डवर्क मी शिकले ते मानववंशशास्त्राच्या एका सरांकडे. त्यांचा पहिला नियम, लोकांना 'असं काही असेल तर वापराल का' विचारायचंच नाही, सगळे हो म्हणतात. विचारायचं, शेवटचं हे काम केलंत तेव्हा काय काय केलंत, सुरुवातीपासून सांगा. आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं डिझाइनच्या मुलांना अजिबात जमत नाही. ते एक इलेक्टिव्ह मी सगळ्यांना घ्यायला सांगते.

दुसऱ्या डिपार्टमेंटबरोबरचे ग्रुप प्रोजेक्ट हा वेगळाच सिनेमा. कागदावर झकास, इंजिनीअरिंगची दोन मुलं, मॅनेजमेंटचं एक, डिझाइनचं एक. प्रत्यक्षात त्यांची परीक्षा आणि आपली ज्युरी एकाच आठवड्यात, त्यांना या प्रोजेक्टचे क्रेडिट कमी आणि आपल्याला जास्त, त्यामुळे कोण किती मरणार ते आधीच ठरलेलं. आणि त्यांना वाटतं डिझाइनवाला शेवटी येऊन 'जरा छान करून देणार'. सुरुवातीच्या मीटिंगला जाऊन बसलात, काय बनवायचं याच्यावरच वाद घातलात, तरच पुढे मान मिळतो. जिथे दोन्हीकडे क्रेडिट सारखे आहेत तिथे हे प्रोजेक्ट चांगले होतात, माझ्या बघण्यात तरी एवढाच फरक होता.

नोकरीचं काय? विचारणारच. डिग्रीचा कागद कुणी बघत नाही, पोर्टफोलिओ बघतात. आणि तिथे या कोर्सची मुलं थोडी मार खातात, कारण फक्त कम्युनिकेशन डिझाइन किंवा फक्त प्रॉडक्ट डिझाइन केलेल्या मुलाचा हात तुमच्यापेक्षा साफ असतो, साहजिक आहे, तो चार वर्षं तेच करतोय. इंटरव्ह्यूला हमखास प्रश्न, म्हणजे तुम्ही नक्की काय? याला 'मी सगळ्याच्या मधली' हे उत्तर चालत नाही. दुसऱ्या वर्षातच एक हत्यार धरा, इंटरफेस असो, मॉडेल मेकिंग असो, डेटा असो, रिसर्च असो, आणि ते सुट्टीत सुद्धा घासत राहा. या डिग्रीचा फायदा पहिल्या नोकरीत कमी आणि नंतर जास्त दिसतो, कारण काही वर्षांनी जेव्हा वेगवेगळ्या लोकांना एका खोलीत बसवून काय बनवायचं हे ठरवायची वेळ येते तेव्हा तुम्ही ते कॉलेजात केलेलं असतं. आणि एक, हिच्यावर आर्किटेक्ट किंवा इंजिनीअर म्हणून लायसन्स वगैरे मिळत नाही, त्यासाठी त्या त्या मान्यताप्राप्त डिग्र्याच लागतात. हे काही मुलांना शेवटच्या वर्षी कळतं, आधी कळलेलं बरं.

कुणी घेऊ नये? ज्याला आत्ताच पक्कं माहीत आहे की मला फाँट बनवायचेत किंवा गाड्या काढायच्यात, त्यानं सरळ तिकडे जावं, इथे चिडचिड होईल. ज्याला अनिश्चिततेनं पोटात गोळा येतो त्यानंही विचार करावा, कारण अर्ध्या प्रोजेक्टमध्ये पहिले काही आठवडे प्रश्न काय आहे हेच ठरत नसतं. बाकीच्यांनी ओपन डेला जाल तेव्हा भिंतीवरचे चकचकीत पोस्टर बघत बसू नका, फायनल इयरच्या मुलाला बाजूला घ्या आणि विचारा की असा एक प्रोजेक्ट दाखव ज्याला दोन डिपार्टमेंटच्या शिक्षकांनी मिळून मार्क दिलेत. पटकन दाखवला तर कोर्स खरा आहे. इकडे तिकडे बघायला लागला तर उरलेल्या चकरा वाचल्या.

जाता जाता खर्चाचं, कारण ते कुणी सांगत नाही. फीच्या वर मटेरियलचा खर्च असतो, फोम, लाकूड, प्रिंट, थ्रीडी प्रिंटिंगचं फिलामेंट, आणि तो प्रत्येक सेमिस्टरला असतो. वर्कशॉप संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते विचारा, पाचला बंद होत असेल तर दिवसभर लेक्चर करून मॉडेल बाहेरून बनवून घ्यावी लागतील आणि तो पैसा वेगळा. महागडा लॅपटॉप पहिल्या वर्षी घेऊ नका, तेव्हा सगळं हातानंच करायचं असतं, आणि दुसऱ्या वर्षी कुठल्या सॉफ्टवेअरवर काम करणार हे ठरलं की मग ग्राफिक्स कार्डवर पैसे घालायचे की नाही ते बघा. सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी स्टुडंट लायसन्स आहे का ते बघा, बऱ्याच कंपन्या विद्यार्थ्यांना फुकट किंवा एकदम स्वस्त देतात.